पाणी सापडेपर्यंत

परळीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी भूगोल शिकवतो. वाळवंटांचा धडा आला की फळ्यावर दक्षिण अमेरिका काढायची, तिच्या डाव्या काठाला खडू आडवा घासून एक पट्टा रंगवायचा आणि सांगायचं, हे अटाकामा, जगातलं सगळ्यात कोरडं वाळवंट. मग स्वतःच्याच घशाला कोरड पडते म्हणून बाटलीतलं पाणी प्यायचं. इतकी वर्षं हेच केलं. तिथं जाऊन उभं राहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. ती आली, आणि तेव्हापासून त्या पट्ट्यापाशी माझा हात थांबतो. पोरांना वाटतं, सर विसरले.

जायचं कारण म्हणजे आमचा साहेब. परळीच्या होस्टेलवर आम्ही तिघं एका खोलीत होतो. एक मी, धर्मापुरीकडच्या धनगराचा मुलगा. दुसरा चौसाळ्याचा. त्याचं आता तिथं हायवेला औषधांचं दुकान आहे आणि सगळं गाव त्याला डॉक्टर म्हणतं, म्हणून आम्हीही म्हणतो. तिसरा परळीतलाच, घर गावात असून अभ्यासासाठी म्हणून होस्टेलवर राहिलेला; त्याचे वडील थर्मलच्या वीजकेंद्रात होते. हा इस्त्रीच्या शर्टाशिवाय मेसमध्येसुद्धा जेवायला जायचा नाही, म्हणून तेव्हापासून साहेब. पुढं तो खरोखरच साहेब झाला आणि सोलरच्या कामावर चिलीत गेला. दरवेळी फोनवर त्याचं एकच पालुपद असायचं, "या बे एकदा." शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. डॉक्टरची बायको म्हणाली, "दुष्काळ बघायला इतक्या लांब कावून चाललात? उन्हाळ्यात पाटोद्याला जाऊन या की." ती हसण्यावारी बोलली, पण खरं तेच बोलली.

निघायच्या आदल्या दिवशी मी गावी आबांना भेटायला गेलो. आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर मेंढरांमागं फिरले. तेव्हा कळप धाकटा भाऊ सांभाळायचा आणि ते ओसरीवर बाजेवर बसून त्याच्या चुका काढायचे. त्या दिवाळीत त्यांच्या दम्यानं उचल खाल्ली होती. बोलता बोलता थांबायचे, श्वास गोळा करायचे, मग वाक्य पुरं करायचे. मी म्हणालो, नाही जात, राहतो. ते म्हणाले, "जाय. मी काय पळून चाललो का कुटं?"

मग त्यांनी त्या मुलखाची चौकशी केली. तिथं पाऊसच पडत नाही म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांना फसवतोय की काय, असं.

"मंग तितं मेंढरं न्हाईत?"

"मेंढरं थोडी. लामा म्हणून एक जनावर हाय. उंच, लांब मानेचं. लोकर निघती त्याची."

"त्याला पाणी कुटं पाजत्यात?"

मला सांगता येईना. मी त्या वाळवंटाचं तापमान सांगू शकतो, तिथली खनिजं सांगू शकतो. जनावर पाणी कुठं पितं हे पुस्तकात नाही आणि मलाही तो प्रश्न कधी पडलेला नाही. आबांना माझी अडचण कळली असावी. ते म्हणाले, "बघून ये अन् सांग मला." एवढंच मागितलं त्यांनी. दुसऱ्या कुणी शाल मागितली असती, घड्याळ मागितलं असतं.

साहेबानं आम्हाला आपल्या पिकअपमध्ये घातलं आणि आम्ही समुद्राकडून डोंगराकडं निघालो. खरं सांगायचं तर मला ते बघून आनंद झाला नाही. लोक म्हणतात शांतता, भव्यता. मला काही भव्य वाटलं नाही. गवताची काडी नाही, बाभळ नाही, माशीसुद्धा नाही. आपल्याकडं कितीही करपलं तरी कुठंतरी निवडुंगाआड एखादी शेळी असते, आणि शेळी असली की तिच्यामागं माणूस असतो. इथं नुसती जमीन होती, आणि ती कुणाची वाट बघत नव्हती. जिथं मीठ वर आलं होतं तिथं परळीच्या थर्मलमधल्या राखेच्या तळ्यासारखा पांढुरका पसारा होता. मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर म्हणाला, "तुला सगळीकडं परळीच दिसंल बे," आणि धपाट्यांचा डबा उघडला. तो खात होता, आम्हाला चिडवत होता, सारखे फोटो काढायला लावत होता. हे मुद्दाम सांगतो, कारण दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचं सगळं थांबलं.

त्या दिवशी दुपारी रस्त्याला एका पेट्रोल पंपावर आम्ही थांबलो. त्या भागात पंपाजवळच तेवढी फोनला रेंज असायची, आणि फोन साहेबाचाच चालायचा. आमचे दोघांचे नुसते फोटो काढायला उरले होते. मी पाय मोकळे करून आलो तर साहेब गाडीमागं उभा राहून फोनवर हळू बोलत होता आणि डॉक्टर त्याच्या तोंडाकडं बघत होता. मला पाहून साहेबानं फोन खिशात टाकला. डॉक्टर पुढं आला. माझ्या डोळ्यांत न बघता खांद्याकडं बघून म्हणाला, "तुझ्या भावाचा फोन हुता. आबांची तब्येत जरा जास्त झालीय. उद्या रात्रीच्या विमानानं निघू आपण."

"जास्त म्हंजे?"

"जास्त म्हंजे जास्त."

"मला बोलू दे त्याच्याशी."

"दवाखान्यात हाय तो. आता न्हाई लागायचा." साहेबानं पुस्ती जोडली की विमानतळ पुढंच आहे, आपण त्याच रस्त्यावर आहोत, मागं फिरून उपयोग नाही. ते खरं होतं.

आमच्याकडं मरणाची बातमी कुणी सरळ देत नाही. तब्येत जास्त आहे, निघून या, असा फोन येतो, आणि ऐकणारा समजायचं ते समजतो. वाटेत माणूस सुखरूप यावा एवढाच त्यातला हेतू. पण कधी कधी खरोखरच तब्येत जास्त असते. माझ्या चुलत्याचं तसं झालं होतं. असाच फोन आला म्हणून पुण्याहून पोरी रडत आल्या, तर चुलते बाजेवर बसून चहा पीत होते आणि वर पोरींनाच विचारत होते, कावून आलात गं. त्या पंपावर उभं राहून मी त्या चुलत्यांना घट्ट धरलं. आबाही तसेच बसलेले असतील. भाऊ घाबरट आहेच.

पण मग मला दिसायला लागलं. डॉक्टर पंपाच्या मागच्या बाजूला गेला, संडासात डोकावून आला आणि साहेबाला म्हणाला, "नळ हाय, पाणी न्हाई." साहेबानं पंपावरच्या माणसाला काहीतरी विचारलं. त्यात 'आग्वा' हा शब्द दोन-तीनदा आला. आग्वा म्हणजे पाणी, एवढं मला तोवर कळत होतं. त्या माणसानं विकायच्या बाटल्यांचं कपाट दाखवलं. डॉक्टरनं एक बाटली उचलली, हातात तोलली आणि परत ठेवली. तहान लागलेला माणूस असं करत नाही.

संध्याकाळी आम्ही मिठाच्या पठाराच्या कडेला तंबू ठोकला. तसं आधीच ठरलेलं होतं, आणि अंधारात तो रस्ता गाडी चालवण्यासारखा नव्हता. डॉक्टरनं मला धपाटे वाढले, वर चटणी घातली, पुढ्यात बसून खायला लावलं. स्वतः मात्र घास तोडला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. मी पाणी प्यायला गाडीकडं गेलो तर ते दोघं पलीकडच्या बाजूनं पाण्याच्या कॅनपाशी वाकले होते.

"ह्यात भागंल का?" डॉक्टर विचारत होता.

"प्यायला लागंल बे उद्या. गाडी बंद पडली तर काय करतो?"

"मंग त्याला सांगायचं कवा?"

"पाणी घावल्यावर."

मी पाणी न पिताच मागं फिरलो. तिथं मला कळलं. त्यांच्या बोलण्यावरून कळलं असतंच, पण मला त्याच्याआधी एक जुनी गोष्ट आठवली आणि ती आठवल्यावर संशयाला जागाच राहिली नाही.

मी शाळेत होतो तेव्हा दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात माझा मामा वारला. निरोप घेऊन माणूस आमच्याकडं आला तोवर मामाची माती आदल्या दिवशीच होऊन गेली होती. आमच्यात जवळचं माणूस गेल्याचं कानावर आलं की तिथल्या तिथं अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करायची असते. त्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही, घोटभर पाणी प्यायचं नाही. आणि आमच्या घरात त्या दिवशी रांजणाच्या तळाला तेवढं पाणी होतं. टँकर सकाळी येणार होता. आबांनी त्या माणसाला बाहेर लिंबाखालीच बसवलं आणि सांगितलं, "आत काय बोलू नको. टँकर येऊ दे." आईनं त्या रात्री त्याला पाहुणा म्हणून जेवू घातलं. भावाची खुशाली विचारली. तो म्हणाला, बरं हाय. सकाळी ड्रम भरला आणि मग आबांनी तिला अंगणात बोलावलं. लुगड्यावरून पाणी ओतताना ती जे ओरडली ते माझ्या कानांत अजून आहे. पुढं बरेच दिवस ती आबांशी बोलली नाही. मी हसत जेवले त्या रात्री, एवढंच म्हणायची. आबा म्हणायचे, "पाणी नसताना सांगून काय केलं असतं?"

तेव्हा मला आबांचा राग आला होता. आता माझे मित्र माझ्याशी तेच करत होते आणि मला त्यांचा राग येत नव्हता. पुढं जाऊन विचारावं, सांगा बे काय झालं, असं मनात आलं. पण मी विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं, आणि मग त्या मिठावर मी रात्रभर बिनअंघोळीचा, तोंडात पाण्याचा थेंब न घेता बसलो असतो आणि ते दोघं माझ्याकडं बघत राहिले असते. हे एक कारण. दुसरं कारण जास्त खरं आहे. ते बोलत नव्हते तोवर चुलत्यांची गोष्ट शाबूत होती. मला आबा आणखी एक दिवस हवे होते.

सूर्य मावळत होता. इथं मावळलं की तिकडं उजाडायला टेकतं, हे मी दरवर्षी पृथ्वीचा गोल फिरवून शिकवतो. म्हणजे गावात आता माणसं जमत असतील. लाकडं कुणी आणली असतील, कडब्याची पेंढी कुणी सोडली असेल. थोरला मी. आगटं, ते विस्तवाचं मडकं, माझ्या हातात असायला हवं होतं, ते आता धाकट्याच्या हातात असेल, आणि तो लहानपणापासून विस्तवाला भितो. मी तंबूत जाऊन तोंडावर पांघरूण घेतलं. ते दोघं बाहेर बसून राहिले. 

सकाळी वाटेत खारं तळं लागलं. पर्यटकांची गर्दी होती. त्या पाण्यात मीठ इतकं की माणूस बुडत नाही, बुचासारखा वर तरंगतो. एक जाडजूड बाई पाठीवर पडून पुस्तक वाचत होती. साहेब तळ्याकडं बघत डॉक्टरला म्हणाला, "हितं?" डॉक्टर काठाला गेला, बोट बुडवून जिभेला लावलं, थुंकला. "मिठानं कुटं अंघोळ हुती बे? अंग आणखी चिकट हुईल त्याचं." मी ऐकू येण्याइतका जवळ होतो आणि त्यांना ते भान नव्हतं. एरवी आम्ही तिघं त्यावर पोट धरून हसलो असतो. मी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली, खाली बघायला काहीतरी कारण हवं होतं.

दुपार कलल्यावर डोंगराच्या पायथ्याचं एक गाव आलं. आधी झाडं दिसली. इतक्या वेळानं हिरवा रंग बघून डोळे दुखले. दगडी घरं, अंजिराची झाडं, मक्याचे तुकडे, आणि गावाच्या कडेनं वाहणारा एक पाट. दगडानं बांधून काढलेला, हातभर खोल, डोंगरातून येणाऱ्या पाण्याचा. साहेबानं गाडी उभी केली. कुणी खाली उतरेना. समोरच्या काचेतून आम्ही तिघं त्या पाण्याकडं बघत बसलो.

शेवटी डॉक्टर उतरला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं. "चल जरा," म्हणाला. त्याच्या हातात कॅन कापून केलेला डबा होता. कधी कापला होता कोण जाणे. पाटापर्यंत तो माझ्यापुढं चालला आणि तिथं पोचल्यावर वळला. तोंड उघडलं, पण शब्द निघेना. औषधाच्या काउंटरवर दिवसभर बडबड करणारा माणूस. त्याचा चेहरा बघून माझ्याच्यानं राहवलं नाही. त्याला ते वाक्य बोलायला लागू नये असं मला फार वाटलं.

मी बूट काढले आणि शर्ट-पँटसकट पाटात जाऊन बसलो.

पाणी बर्फाचं होतं. छातीतला श्वास थांबला आणि आबांचा श्वास गोळा करायला थांबणं मला आठवलं. मग मी रडलो. आईसारखा ओरडून नाही, पण आवाज आला. डॉक्टर काठावर गुडघे टेकून बसला आणि माझ्या डोक्यावर डबा ओतत राहिला. साहेब इस्त्रीच्या शर्टानिशी पाण्यात उतरला आणि त्यानं मागून माझे खांदे धरले.

"कवापासनं ठावं हाय तुला?" डॉक्टरनं विचारलं.

"काल. कॅनपाशी बोलत होता तेव्हा."

"मंग बोलला कावून न्हाई?"

"तुमी तरी कावून न्हाई बोलला? बाटल्या होत्या की पंपावर."

तो डोळे पुसत म्हणाला, "इकतच्या बाटल्यांनी आबांच्या नावाची अंघोळ? जोड्यानं हाणलं असतं त्यांनी मला."

हे अगदी खरं होतं.

थंडीनं दात वाजायला लागले तेव्हा मी मान वर केली. पाटाच्या खालच्या अंगाला एक म्हातारी बाई उभी होती. डोक्यावर गोल टोपी, पाठीला रंगीत फडक्याचं गाठोडं. तिच्यामागं सात-आठ लामा होते, कानात लाल-हिरव्या लोकरीचे गोंडे बांधलेले. कळपातली आपली जनावरं ओळखायला असावेत. आबा मेंढरांच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढायचे तसे. जनावरं पाण्याकडं ओढ घेत होती आणि ती हात आडवा धरून त्यांना अडवत होती. तिला आमची भाषा येत नव्हती, रीतही ठाऊक नव्हती. तरी कपड्यांनिशी पाण्यात बसून रडणाऱ्या माणसाचं होईपर्यंत तिनं तहानलेली जनावरं थोपवून धरली.

मी बाहेर निघालो. तिनं हात खाली घेतला. सगळ्या लामांनी एका ओळीत माना वाकवल्या आणि मी उठलो होतो तिथलंच पाणी प्यायला सुरुवात केली.

गावात रेंज होती. साहेबानं फोन लावून माझ्या ओल्या हातात दिला. तिकडं मध्यरात्र उलटून गेली होती, तरी भावानं लगेच उचलला. तो दादा म्हणाला आणि रडायला लागला.  मी समोर दिसत होतं तेच सांगितलं. म्हणालो, "आबांनी इचारलं होतं, इथली जनावरं पाणी कुटं पेतात. पाट हाय. डोंगरातनं येतो. वरून गाव पेतं, खाली जनावरं पेतात."

भावानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दवाखान्यात जाताना गाडीत तेच इचारीत होते. दादाचा फोन आला का? काय म्हनला पाण्याचं?"

"मंग तू काय सांगितलं?"

"म्हनलो, हाय म्हनं पाणी. भरपूर हाय." आणि मग त्यानं विचारलं, "बरोबर सांगितलं ना दादा मी?"

लामा अजून पीत होते. मी म्हणालो, बरोबर सांगितलंस.